वनिताची सपाट जाणारी गोळी

नर मूसचा टॅग लागल्याचं वनिता परातेला कळलं तेव्हा ती कॅनडातल्या मिल्टनच्या ग्रोसरीत कोथिंबिरीची जुडी हुंगत उभी होती. फोनवर निकाल दिसला आणि तिनं "अगं बाप्पा!" अशी आरोळी ठोकली की शेजारच्या पंजाबी मावशींच्या हातातली मेथी खाली पडली.

"क्या हुआ बेटा?"

"आंटीजी, मूस मिल गया! नर! मेरे नाम पे!"

मावशींना काडीचं कळलं नाही. पण पोरगी आनंदात आहे एवढं कळलं, म्हणून त्यांनी तिला जवळ घेतलं आणि "बधाई हो" म्हटलं. बहुतेक नोकरी लागली असं वाटलं असावं.

ज्यांनी मूस पाहिला नाही त्यांना सांगून ठेवतो. सांबराचा थोरला भाऊ समजा. पण असला थोरला, की त्याच्या खांद्यापाशी उभं राहिलं तर पलीकडचं दिसायचं नाही, आणि डोक्यावर दोन सुपं उताणी धरल्यासारखी शिंगं. ऑन्टारियोत त्याची शिकार करायची तर सरकारी ड्रॉमध्ये नाव निघावं लागतं, वर्षानुवर्षं गुण साठवावे लागतात. टॅग म्हणजे परवाना; एक टॅग, एक जनावर. कोणी म्हणतं तशी "गेलो आणि मारला" अशी ही गोष्ट नाही.

आणि वनिता? नागपूरच्या महालातली, सावजी घरातली लेक. आता सत्तेचाळिशीची. एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांनी जीव ओतून लिहिलेलं मोडून दाखवायचं आणि वर पगार घ्यायचा. नवरा देवेश आगाशे कोथरूडचा. अंडं खातो, तेही केकमध्ये असेल तरच. ह्या दोघांचं जमलं कसं, हे दोन्ही घरांना अजून उमगलेलं नाही. वनिताच्या माहेरी एक अलिखित नियम होता. रस्सा कितीही जहाल असो, "तिखट लागलं" म्हणायचं नाही. नाक गळो, कान पेटोत, ताट पुढे करून "वाढ अजून" म्हणायचं. म्हटलं की हरलात, आणि मग पुढच्या पिढीपर्यंत चेष्टा. ही सवय तिनं विमानात बसून कॅनडापर्यंत आणली होती.

शिकारीचा नाद तिला लावला हर्बर्टकाकांनी. हर्बर्ट पेणकर, एटोबिकोत राहणारे, मूळचे कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. मराठी बोलायला लागले की अलिबागची हवा सुटते. चाळीस वर्षं अकाउंटंट होते, आता रिटायर्ड. दर ऑक्टोबरला पार उत्तरेला, हर्स्टच्या पुढच्या रानात जातात, पण मारलेल्या जनावराचा एक तुकडा खात नाहीत. बंदुकीनं पडलेलं त्यांना चालत नाही, कोशर नव्हे ते. सगळं मांस वाटून टाकतात. "मग कशाला जाता हो काका?" असं वनितानं पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "रान पाहिजे मला. मटण तू घे." मराठी मंडळाच्या पिकनिकला झालेलं हे बोलणं, आणि त्यातून ती त्यांच्या तुकडीत शिरली.

पहिली तीन वर्षं तिनं फक्त हाका घातला. म्हणजे नारिंगी जाकीट घालून झाडीतून ओरडत जायचं, जनावर उठवायचं. त्यातल्या पहिल्याच वर्षी तुकडीतल्या एकानं घाईत गोळी घातली आणि ती पोटात बसली. मूस रात्रभर रानात फिरला. दुसऱ्या दिवशी सापडला तेव्हा त्याच्याभोवतीची सगळी जमीन त्यानं पायांनी उकरून ठेवली होती. वनिता ते पाहून ओकली. त्या संध्याकाळी शेकोटीपाशी सगळ्यांसमोर बोलली, "माझ्या हातून असं झालं तर त्याच दिवशी बंदूक खाली ठेवीन. पुन्हा शिवणार नाही." कोणी हसलं नाही. तिनं ते गंमत म्हणून म्हटलंच नव्हतं.

तर आता टॅग तिच्या नावावर. तिच्या दबा धरून बसायच्या जागेसमोर लाकडासाठी तोडून साफ केलेलं मोठं रान, पार तीनशे मीटर उघडं. तिथं काडतूस कुठलं वापरायचं, हा प्रश्न पडला आणि घराचं गणिताचं शिबिर झालं.

कुठलीही गोळी सुटल्याबरोबर खाली पडायला लागते, दगड फेकला तर पडतो तशीच. जोरात गेली की पोचायला वेळ कमी, म्हणून पडणंही कमी. तिला म्हणतात सपाट जाणारी गोळी. सपाट असली की समोरचं जनावर दोनशे मीटरवर आहे की अडीचशेवर, ह्याचा अंदाज चुकला तरी काम बिघडत नाही. सरळ छातीवर धरायचं आणि सोडायची. वनिताला हे इतकं आवडलं की काय सांगू! जेवताना वेग, चालताना वेग. "देवेश, सेकंदाला तीन हजार फुटांच्या वर! विचार कर तू!" देवेश विचार करायचा आणि लॅपटॉपवर रंगीत आलेख काढायचा. निळी रेघ, लाल रेघ, हिरवी रेघ. शाकाहारी माणूस, पण आलेख काढायला मिळाला की त्याला काहीही चालतं.

दुकानात हर्बर्टकाकाही आले. भिंतभर काडतुसांचे डबे. काका एकाच डब्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे दोनशेसत्तरचं काडतूस घे. वेगवान आहे, सपाट आहे, खांद्याला सोसते."

"काका, शंभर वर्षांपूर्वीचं काडतूस आहे हे! मला सेव्हन एमेम मॅग्नम पाहिजे. जास्त पावडर, जास्त जोर."

"पावडर जास्त तर दणकाही जास्त."

"मला सांगता? सावजी आहे मी."

देवेशनं हळूच आलेख पुढे केला; दोनशेसत्तरची निळी आणि मॅग्नमची लाल रेघ तीनशे मीटरपर्यंत जवळजवळ एकमेकींवरून जात होत्या. "फरक दिसतच नाहीये गं," तो म्हणाला. वनितानं मोठ्या करकरीत डब्याकडे पाहिलं, नंतर नवऱ्याकडे पाहिलं, आणि नवीकोरी मॅग्नम रायफल घेऊन बाहेर पडली. वर बसवलेली दुर्बीणही जोरदार. लांबचा नेम घेताना फिरवायची चकती, फिरवली की टिक टिक वाजते.

नेमबाजीच्या रेंजवर पहिली गोळी सोडली तेव्हा तिला वाटलं, खांद्यावर कोणी वरवंटा हाणला. "कशी वाटली?" काकांनी विचारलं.

"एक नंबर! लोण्यासारखी!"

खोटारडी कुठली! डोळ्यांत पाणी होतं, ते तिनं वाऱ्यावर ढकललं. घरी येऊन बाथरूममध्ये पाहिलं तर खांदा जांभळा. रोज गुपचूप तेल-हळद लावायची आणि रविवारी पुन्हा रेंजवर. नेम बरा लागत होता, कधी एकदम आत, कधी एकदम बाहेर. बाहेर गेला की वारा, नाहीतर कागद नीट लावला नव्हता. लोकांच्या सॉफ्टवेअरमधली चूक दहा खोल्यांतून शोधून काढणारी बाई, स्वतःच्या खांद्यात बसलेली तिला दिसेना. दिसेना कशाची, बघायचीच नव्हती.

तेवढ्यात नवरात्र आलं आणि सासूबाई पुण्याहून आल्या होत्याच. खंडेनवमीला घरातली हत्यारं, अवजारं पुजायची. देवेशचा लॅपटॉप, ड्रिल मशीन, स्वयंपाकघरातली विळी, बर्फाचं फावडं, सगळं पाटावर मांडलं. सासूबाई म्हणाल्या, "आणि तुझी ती बंदूक?"

"आई, तुम्हाला चालेल?"

"अगं, मी मांस खात नाही म्हणून शस्त्राचा मान कमी होतो का? आण की!"

वनिताला भरून आलं. तिनं कुलूप काढलं, रायफलचा बोल्ट काढून वेगळा ठेवला, काडतुसं दुसऱ्या कपाटात बंदच, आणि रायफल पाटावर आडवी ठेवली. सासूबाईंनी हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले. "यश दे गं बाई हिला," असं तोंडातल्या तोंडात म्हणाल्या. दसऱ्यानंतर त्यांनीच ओल्या फडक्यानं सगळं पुसून दिलं. वनिता शेजारीच उभी होती, पण फोनवर हर्स्टच्या हवामानाचं बघत होती. नको तेव्हा नजर दुसरीकडे असणं, हे कुणाला चुकलंय?

आठवड्यानं ती आणि हर्बर्टकाका रानात पोचले. तुकडीतले बाकीचे ह्या वर्षी नव्हते. केबिनपाशी सामान टाकून पहिलं काम म्हणजे नेम तपासणं. शंभर मीटरवर कागद लावला. वनिता आडवी झाली, गोळी सोडली. कागद कोरा.

"खाली मातीत गेली," काका दुर्बिणीतून बघत म्हणाले.

दुसरी. मातीत. तिसरी, चौथी. मातीत, मातीत. खांदा ठणकायला लागला. एवढी वर्षं थांबले, एवढा मोठा तोरा मिरवला, आणि समोरचा कागद लागत नाही? चिडून तिनं रायफल उचलली तेव्हा दुर्बिणीच्या चकतीच्या खाचेत तिला पिवळं काहीतरी दिसलं. नख घालून उकरलं. हळद!

रानात सिग्नल नव्हता; हायवेपर्यंत गाडी काढून तिनं घरी फोन लावला. "आई, ती वरची गोल चकती तुम्ही फिरवली होती का हो?"

"फिरवली म्हणजे? सैल होती गं ती. टिक टिक वाजत होती. मी नीट घट्ट बसवून दिली, प्रवासात पडायला नको म्हणून."

वनितानं कपाळावर हात मारला आणि मग तिला जे हसू आलं, ते थांबेचना. जगात ज्या कुठल्या बरणीचं झाकण सैल दिसेल ते घट्ट करणाऱ्या बाईला दुर्बिणीची चकती कशी सोडवेल? "तुम्ही काळजीनंच केलंत आई," ती म्हणाली. काकाही हसून हसून खोकले. परत येऊन तिनं चकती मूळ खुणेवर आणली, दोन गोळ्या घालवून बसवली, आणि मोठ्या उमेदीनं पुन्हा नेम धरला.

एक आत. एक बाहेर. एक पार कडेला.

इथं तिला पळवाट होती बघा. "आईंनी दुर्बीण बिघडवली" म्हटलं असतं तर कोणी नाही म्हणालं नसतं. पण तिच्या डोळ्यांसमोर ती उकरलेली जमीन आली. कागद कडेला फाटला तर फाटला. मूस कडेला फाटला तर? मग ऑफिसात जे करते ते तिनं स्वतःवर करायचं ठरवलं.

"काका, तुम्ही भरा. कधी काडतूस घाला, कधी रिकामीच द्या. मला सांगू नका."

काकांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि रायफल घेतली. पहिली गोळी सुटली. दुसऱ्या वेळी तिनं चाप ओढला आणि आवाज आला नुसता, टक्. आत काहीच नव्हतं. पण नळी? नळी खसकन खाली गेली, डोळे मिटले, खांदा मागे पळाला. दणका नसताना ती दणक्याला घाबरली होती. रायफल चांगली, काडतूस चांगलं, दुर्बीणही आता चांगली. घाबरत होती वनिता पराते.

"पुन्हा द्या," ती म्हणाली. पुन्हा टक्, पुन्हा नळी खाली.

तिनं रायफल चटईवर ठेवली. तोंड लाल झालं होतं. महालातल्या त्या ताटांपासून आजपर्यंत जे कधी तोंडातून निघालं नव्हतं ते निघालं. "काका, लागतंय मला. पहिल्या दिवसापासून लागतंय. तिखट आहे हो ही."

"हं," काका म्हणाले. "मग गाडीत दुसरी आहे."

बस, एवढंच. ना "मी सांगितलं होतं", ना काही. त्यांची जुनी दोनशेसत्तर त्यांनी आणून दिली. घासून घासून लाकूड काळं झालेली. वनितानं खांद्याला लावली, चाप ओढला, आणि थबकली. दणका होता, पण माणसातला होता. पुन्हा ओढला. काकांनी मधूनच रिकामी दिली. टक् झालं आणि नळी जागची हलली नाही! "अरे!" ती ओरडली. "अरे काका! बघा ना!" संध्याकाळपर्यंत कागदावर सगळी भोकं एका वाटीत मावतील अशी झाली. मग तिनं लांबवर, तीनशे मीटरवर कागद लावायला सांगितलं. गोळी किंचित खाली बसली, मूसच्या छातीत आरामात मावेल इतकीच. देवेशच्या दोन रेघा एकमेकींवरून का जात होत्या, ते आता कुठं तिच्या डोक्यात शिरलं. ती आनंदानं अशी नाचली की काकांनी तिला चहा करायला पिटाळलं.

सकाळी दहिवर पडलं होतं. तोडलेल्या रानाच्या कडेला एका बुंध्यामागे वनिता बसली, मागे काका. काकांनी भूर्जपत्राचा कर्णा तोंडाला लावला आणि मूसच्या मादीसारखी साद घातली. काय आवाज तो! एटोबिकोतल्या शेजाऱ्यांनी ऐकला असता तर पोलिसांना फोन केला असता. आजारी म्हैस रेकते तसा. वनितानं हसू दाबलं.

पलीकडच्या झाडीतून उत्तर आलं. "ओंक्."

हसू पळालं. मग फांद्या मोडल्याचा आवाज, आणि आधी शिंगं बाहेर आली, मग तो. बाप्पा रे बाप्पा! काळा, ओला, श्वासाची वाफ सोडत. किती लांब होता? दोनशे? अडीचशे? काही फरक पडत नव्हता. गोळी सपाट होती.

पण तो सरळ तिच्याकडे तोंड करून उभा. तिनं नेम धरला आणि थांबली; समोरून गोळी जरा तिरकी गेली तरी पोटात बसायची. वारा इकडचा तिकडे झाला असता तर तो एका उडीत गेला असता, आणि टॅग पुन्हा कधी लागणार ते देवाला ठाऊक. बोटं गारठली. "फिर," ती मनात म्हणत होती, "फिर रे राजा, थोडा फिर." त्यानं विलोच्या झुडपात तोंड घातलं, फांदी ओढली आणि चघळत चघळत आडवा झाला. पुढच्या पायामागची, काळीज-फुफ्फुसांची जागा समोर आली. वनितानं श्वास अर्धा सोडला, आणि चाप ओढला. दणका बसला की नाही, तिला आजही सांगता येत नाही.

मूस पडला नाही.

तो वळला, आणि आलेला तसाच झाडीत गेला. फांद्या हलल्या, थांबल्या. रानात चिडीचूप.

"काका, लागली ना?"

"लागली असं वाटतंय."

"वाटतंय म्हणजे काय हो!"

"थांब. लगेच जायचं नसतं. लागली असली तर त्याला पडू दे."

ते थांबणं! त्यापेक्षा बाळंतपण सोपं गेलं होतं तिला. बुंध्याला टेकून ती बसली आणि तिच्या डोळ्यांसमोरून ती उकरलेली माती हलेना. चांगला गेला होता नेम. गेला होता ना? तिनं मनात रायफल खाली ठेवूनही टाकली. घरी देवेशला काय सांगायचं, कुलूप लावून किल्ली कोणाला द्यायची, सगळं ठरवलं. काका कर्णा मांडीवर ठेवून बसले होते. बऱ्याच वेळानं ते गुडघे धरत उठले. "चल."

झुडपांपाशी रक्त होतं, गुलाबी आणि फेसाळ, म्हणजे फुफ्फुसातलं. काकांनी समाधानानं मान डोलावली, पण वनिताला पुढे बघवेना. त्यांनी झाडी बाजूला सारली आणि वाट करून दिली. "ये गं," ते म्हणाले. "तूच बघ."

तो तिथंच होता. चार पावलं जेमतेम आत गेला असेल. पाय दुमडून बसावं तसा पडलेला, मान पुढे. जमीन कुठंही उकरलेली नव्हती. शेवाळ जसंच्या तसं, त्यावर दहिवरसुद्धा. वनिता गुडघ्यांवर बसली, त्याच्या नाकाला हात लावला. अजून गरम होतं. आणि मग तिला त्याच्या तोंडात दिसली ती विलोची फांदी. दातांत धरलेली, पानं हिरवी, अर्धी चघळलेली, अर्धी चघळायची राहिलेली.

तिनं ती पानं बोटांनी धरली.

"काका," ती म्हणाली, "ह्याला कळलंच नाही हो. खात होता तो. ह्याला कळलंच नाही." आणि त्या एवढ्या मोठ्या मानेवर डोकं ठेवून ती हमसून हमसून रडायला लागली, आणि रडता रडता तिला हसूही फुटत होतं.